मागच्या चाकाच्या बेअरिंगबद्दल विहीणबाईंना

विहीणबाई वेणूबाईंना थळहून अंबिकाचा वाकून नमस्कार (कंबर आता वाकलेलीच असते, वेगळे कष्ट पडत नाहीत). तुमचा गुडघा कसा आहे? माझी साखर बरी आहे, म्हणजे वाढली असेल, पण मी तपासत नाही. बाकी सगळं खुशाल. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर बोललं की तुमच्या हेमालीच्या कानावर जातं. अक्षर चौथीपर्यंतचं आहे, सांभाळून घ्या.

आमचा हर्षद सांगत होता, दयारामभाऊंच्या माघारी त्यांच्या गॅरेजचा रेवदंड्याचा गाळा तुम्ही सोमवारी त्या बर्फवाल्याला भाड्याने देताय. हेमालीने तो चालवायला मागितला, तर तिला नाही म्हटलंत. तेव्हापासून पोरगी कामं सगळी करते पण बोलत नाही, घरात बोलायला मी एकटीच उरले आहे. गाळा तुमचा, मी कोण सांगणार? मी आपली परवाची गाडीची हकिगत लिहिते.

थंडीत आमच्या हर्षदने कचेरीतल्या साहेबाला खूश करायला ती मोठी गाडी ओहोटीला समुद्रावर नेली. पुळणीवरच होती म्हणतो. मी उभी होते ना तिथे, पाणी निम्म्या चाकापर्यंत होतं. साहेब बदली होऊन गेला आणि खारं पाणी आमच्या मागच्या चाकात राहिलं. तेव्हापासून गाडी निघाली की घूं घूं. वेग वाढला की घूं पण वाढे. हर्षद म्हणे, रस्ता खराब आहे. चांगला रस्ता लागला की म्हणे, टायर नवे आहेत. लग्नाला नऊ वर्षं झाली, हेमाली गाडीबद्दल कधी चकार शब्द बोलली नव्हती. परवा मात्र तिने जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं, आणि ते माझ्या पुढच्या दातासारखं हललं. "बेअरिंग गेलंय. असंच चालवलं तर चाक निखळेल," म्हणाली. ह्याच गाडीतून माझी नात भार्गवी रोज शाळेत जाते. अलिबागच्या मेस्त्रीने आठ दिवसांनंतरची वेळ दिली. तेव्हा हेमाली म्हणाली, मी बदलते. हर्षद हसला. मीही हसले, कशाला लपवू?

तिने अलिबागहून नवं बेअरिंग आणलं आणि काळ्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवलं. थंडीने लोखंड किंचित आखडतं, मग आपल्या जागेत अलगद बसतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा तिने सांगितलं नाही, कारण तिला कोणी काही विचारतच नव्हतं. फ्रीजरमध्ये माझ्या कोलंबीच्या पिशव्या होत्या, पावसाळ्यात बोटी बंद होतील म्हणून आधीच भरून ठेवलेल्या, सगळ्या काळ्याच. आता बघा, आदल्या दिवशी शेजारच्या रंगूने ओल्या काजूची उसळ दिली होती. तिचा डबा रिकामा कसा पाठवायचा? (तुमच्याकडेही नसतीलच पाठवत.) मी फ्रीजरमधली हाताला लागली ती पिशवी उचलली. जड लागली. मोठी कोलंबी दिसते, असं वाटून क्षणभर जीव खालीवर झाला, पण घातली डब्यात आणि दिला डबा.

इकडे हेमालीने बाकीच्या चाकांना जांभ्याचे चिरे लावले, चाक काढलं, ड्रम काढला, आणि दोन तास ठोकून जुनं बेअरिंग बाहेर काढलं. आतल्या गोळ्या गंजून गुळाच्या खड्यांसारख्या झाल्या होत्या. मग ती फ्रीजरपाशी गेली. एकेक पिशवी उघडून बघितली.

"आई, इथलं बेअरिंग कुठाय?"

"माझ्या फ्रीजरात बेअरिंग कशाला असेल?" म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात उजेड पडला.

वेणूबाई, मी पळाले. अकरा वर्षांनी पळाले. रंगूकडे पाहुणे बसलेले, खोबरं वाटून तयार, आणि आपलं बेअरिंग परातीत पाण्यात पडलेलं.

"काकू, ही कसली कोलंबी? अर्धा तास झाला, मऊच व्हत न्हाय!"

म्हटलं, परत दे. तर म्हणते, "दिलेलं कोन परत नेतं व्हय?" शेवटी दोन पिशव्या खरी कोलंबी देऊन सोडवून आणलं. कंपनीचं पाकीट आत बंद होतं म्हणून पाणी शिरलं नाही, एवढं देवाने बघितलं.

ते पुन्हा गोठेपर्यंत संध्याकाळ झाली. गाडी तीन चाकांवर. हर्षद घरी येऊन म्हणाला, आता तरी मेस्त्रीची वाट बघ. हेमाली मला एक शब्द बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर सासूच्या सात पिढ्या काढल्या असत्या. तिने बेअरिंग सरळ धरलं, वर जुन्याचं कडं ठेवलं आणि चहूबाजूंनी थोडं थोडं ठोकत गेली. बसलं. मग एक लांब पाना लावला, पुरेसं आवळलं की टक् वाजतो तो. "बाबा म्हणायचे, वाजला की हात काढायचा. त्यापुढे जोर लावतो तो मेस्त्री न्हवे." एवढं ती चार दिवसांत पहिल्यांदा बोलली. चाक हाताने फिरवून तिने कान लावला. मीही लावला. माझ्या कानाचा उपयोग नाही, पण लावला.

अलिबागपर्यंत जाऊन आलो. आवाज नाही. हर्षदचं बोलणं आता स्वच्छ ऐकू येतं, तेवढा एकच तोटा.

मला कुणाचे आभार मानायची सवय नाही. पण नात ज्या चाकावर शाळेत जाते ते तिच्या आईने घट्ट केलंय, आणि तिला ते तुमच्या घरात शिकवलं गेलं. तुमचे आभार. दयारामभाऊंचेही, ते असताना मानायला हवे होते. (पुन्हा म्हणणार नाही.)

तुमची विहीण,
अंबिका

ता. क. गाळा बर्फवाल्याला देऊ नका. बर्फ कुठेही वितळतो. चावी हेमालीला द्या. दुपारचं जेवण आणि भार्गवी मी बघते.

आणखी ता. क. तुम्ही म्हणाल, अट तर तुमचीच होती. होय. लग्नाच्या बोलणीत तुमच्या मागच्या दारी मीच म्हटलं होतं, सुनेच्या हाताला ग्रीसचा वास आमच्यात चालणार नाही, तिला गॅरेजपासून लांब ठेवा. तुम्ही दोघांनी शब्द पाळलात. ती अट मी परत घेते. हेमालीला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, बापानेच तिला नको म्हटलं. रविवारी तिच्याबरोबर येते आणि तुमच्या पडवीत तिच्या तोंडावर सांगते. ती काय बोलायचं ते बोलेल. तुम्ही मात्र मध्ये पडून माझी बाजू घेऊ नका.