मेघा गाते तेव्हा

टोकावडे, रविवार, दिवेलागणीला

लेकीचं चित्र आजही पुरं झालं नाही. तोंड पुन्हा पुसलं.

टीबी बरा झाला, पण त्याच्या इंजेक्शनांनी माझे कान नेले. जयंतीला, लग्नांना गाणारी मी. आता आत नुसती रातकिड्यांसारखी किरकिर. गाणं गेल्यावर करू काय, म्हणून मेघाचेच रंग घेतले. झाडं जमली, मेघाच्या बाबांचा चेहरासुद्धा जमला. मेघाचं तोंड तेवढं जमत नाही. मला ती गाताना काढायची आहे ना!

आज तिला समोर बसवलं. म्हटलं, "गा गो."

ती गायली. मी ओठ बघत राहिले. कुठलं गाणं? सूर लागला की नाही? काहीच कळलं नाही. काढलेलं तोंड ओरडल्यासारखं दिसत होतं. पुसलं.

तिचे बाबा समोर येऊन सावकाश बोलले, तेव्हा ओठांवरून कळलं. "तुजाच आवाज हाय तिचा."

माझा आवाज. घरात सगळ्यांना ऐकू येतो, मला सोडून.

मेघाने विचारलं, "कशी गायले, आई?"

"छान," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ती हसली नाही. माझ्या हातातला ब्रश घेतला आणि धुवायला गेली.