पहिल्या मानाची सुई

॥ श्री ॥
माडवाडी, शिरोड्यानजीक
५ डिसेंबर १९५८

चि. सत्यवान यास अनेक आशीर्वाद.

तुम्हा मुंबईकरांच्या ग्रामस्थ मंडळाने दवाखान्यासाठी धाडलेला औषधांचा खोका पोचला, आणि संपलाही. गावात आजारी असोत नसोत, मानकरी आहेत ना! कोणाचा मान दुखावू नये असे वाटप करावे, अशी तुमचीच चिठ्ठी. आपले आबा पहिले मानकरी. त्यांनी देवळातल्या नारळासारखाच पेनिसिलिनचा क्रम लावला. पहिली सुई त्यांना, दुसरी दुसऱ्या मानाच्या धोंडूला, मग बाकीच्यांना. एकालाही साधे पडसे नव्हते. कंपाउंडर परशुरामाने हात जोडून सांगितले, की दुखणे नसताना टोचू नये. आबांनी त्यालाच विचारले, की माका मान आसा काय नाय, ता आदी सांग. मग पालथे निजून विव्हळले, पण मान राखला.

टॉनिक कडू लागले म्हणून लोकांनी माडाच्या मुळांत ओतले. फुकटचे, कोणाच्या बापाचे काय गेले? माझे ऐकशील तर दर घराने सुगीला पायलीभर भात दवाखान्याला घालावे. ज्याचे भात आत पडेल, तो माडाला टॉनिक पाजणार नाही.

आई बरी आहे, तुझी आठवण काढते. लोभ आहेच, तुमच्या मंडळाला थोडी अक्कलही असो.

तुझी,
नर्मदाक्का

मुंबई
२० डिसेंबर १९५८

ती. नर्मदाक्का हीस सत्यवानाचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र पावले, टोचलेही. पण भाताचे काय डोक्यात घेतलेस? हातावर पोट असलेल्याने आजारी पडायचेही भात मोजावे काय? खरे तर हे सरकारचे काम. ते होत नाही म्हणून आम्ही गिरणीतली माणसे पोटाला चिमटा घेऊन करतो, आणि तू घरबसल्या नाक मुरडतेस.

दवाखान्याच्या दारी बसवायला देणगीदारांच्या नावांची संगमरवरी फरशी कोरून होत आली आहे. पहिले नाव मानाप्रमाणे आबांचे. हसू नकोस. नाव कोरल्याशिवाय इथे कोणाची मूठ सैल होत नाही.

आईआबांना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नये.

तुझा,
सत्यवान

माडवाडी
९ जानेवारी १९५९

चि. सत्यवान यास आशीर्वाद.

आईच्या उशाशी बसून लिहिते आहे. खाडीत कालवांचे शिंपले काढताना तिचा पाय कापला. हळद भरली, उपयोग झाला नाही. पाऊल काळेनिळे पडले आहे आणि अंग तापाने भाजते आहे. परशुरामाने कपाट उघडून दाखवले, तर नुसत्या रिकाम्या बाटल्या. तिचे औषध आबांच्या आणि धोंडूच्या धडधाकट अंगात जिरले. आबा ओसरीवर बसून आहेत. मला त्यांची दया येते, पण राग जास्त येतो.

गाडी जुंपली आहे. तिला वेंगुर्ल्याच्या इस्पितळात नेते. तिथला साठा पुरेलच असे नाही, म्हणून मिळेल तितके पेनिसिलिन पहिल्या आगबोटीने धाड. कृपा करून त्यासाठी सभा भरवू नका.

भीती वाटते रे मला. देव पाठीशी असो.

नर्मदाक्का

मुंबई
१५ जानेवारी १९५९

ती. अक्का हीस सा. न. वि. वि.

पत्र वाचताच मंडळात धावलो. मंडळाने सभा घेतलीच, पण खोका आज बोटीवर चढला. खजिनदारांनी स्वतः भरला. मी पाळीवर होतो, उघडून पाहिला नाही. आईचे उलट टपाली कळव. तुझ्या भाताला नावे ठेवली, ते मनात धरू नये.

सत्यवान

माडवाडी
४ फेब्रुवारी १९५९

चि. सत्यवान यास अनेक आशीर्वाद.

आई वाचली. दोन बोटे कापावी लागली, तेव्हा पाय राहिला. काल घरी आणली.

तुझा खोका पोचला होता. चौघांना उचलेना तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आत औषधाऐवजी फरशी! चांगली पेंढ्यात गुंडाळलेली, ओरखडासुद्धा नाही. तुमच्या खजिनदारांना माझा नमस्कार सांग. आईची नाही, पण दगडाची काळजी त्यांनी पोटच्या पोरासारखी घेतली. वेंगुर्ल्याला औषध होते म्हणून, नाहीतर तुमची फरशी तिच्या नावाने बसवावी लागली असती.

आबांनी गाव देवळात जमवला. यापुढे सुई हवी त्याने आधी दुखणे दाखवायचे. भात दर घराने घालायचे, आणि ज्याची चूलच धड पेटत नाही त्याचे इतरांनी. म्हणजे तुझेही म्हणणे राहिले. पहिली पायली ओतायला धोंडू पुढे सरला, तर आबांनी त्याचा हात धरला, की पयलो मान माझो. जित्याची खोड!

फरशी त्यांनीच चौघांकडून ओढवत विहिरीकडे नेली आणि आईच्या पाय धुण्याच्या जागी घातली. धोंडू कळवळून म्हणाला, की निदान नावे तरी खाली करा. आबा ऐकेनात. आईचा पाय अजून निसटतो, कोरलेल्या अक्षरांवर तो बरा ठरतो. पहिले नाव नेमके तिच्या टाचेखाली येते.

मंडळाला कळव, फरशी जागेवर बसली.

माया आहे तशीच आहे.

नर्मदाक्का