जोडीदाराची नळी

२ जून

आले एकदाची भिवंडीला! पूर्णा गावातल्या गोदामांच्या रांगेत आमचं गोदाम शोधताना रिक्षावाल्याने उगाच चकरा मारल्या आणि वर मलाच ऐकवलं की पत्ता नीट सांगत जा. एका बाजूला टीव्हीची खोकी, दुसऱ्या बाजूला कापडाचे तागे, आणि मध्ये आम्ही, समुद्राचं सामान घेऊन बसलेले. शटर वर गेलं, ओल्या रबराचा ओळखीचा वास आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

इथून समुद्र कुठेच दिसत नाही. पण आमची बोट लक्षद्वीपच्या प्रवाळांवर पाहुण्यांना आठवडाभर फिरवते. बोटीवरच जेवायचं, बोटीवरच झोपायचं, आणि उठलं की पाण्यात उडी. पावसाळ्यात बोट बंद असते, तेव्हा पाहुण्यांच्या अंगावर चढणारं सगळं सामान धुवायला आणि दुरुस्त करायला इथे येतं. ते आता मी बघणार. कानाचा पडदा गेल्यापासून डॉक्टरांनी मला बुडी मारायला बंदी केली आहे. देवबागला घरी बसून आईने दाखवलेले नवऱ्यामुलांचे फोटो बघण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

काल्हेरला खोली मिळाली आहे. खिडकीतून ट्रक दिसतात, पण पंखा चांगला आहे.

६ जून

मालक फखरुद्दीनशेठ. घरचे लूम विकून त्यांनी बोटीत भागीदारी घेतली. स्वतः कधी गुडघाभर पाण्यात तरी गेलेत का, शंका आहे. मला ‘बेटा’ म्हणतात आणि येता-जाता सामान सांभाळायला सांगतात. पॅकिंग मेहरीन बघते. माझ्याच वयाची, इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातली, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. मी नळ्या तोंडात धरून श्वास तपासत होते तर विचारते, “दीदी, हे उष्टं नाय होत काय?” जंतुनाशकात बुडवून घेते गं बाई, म्हटलं. तरी नाक मुरडलंच.

मग तिला सगळा सेट समजावला. पाठीवर हवेची टाकी, तिला दोन नळ्या. काळी आपली, पिवळी जोडीदाराची. पाण्याखाली कोणाची हवा संपली की तो आडवा हात गळ्यावरून फिरवतो. त्याक्षणी पिवळी त्याच्या हातात द्यायची, त्याचा दंड धरायचा आणि दोघांनी मिळून वर यायचं. मोकळ्या हवेत डोकं निघेपर्यंत सोडायचं नाही. विचार करायचाच नाही, हात आपोआप पुढे गेला पाहिजे. देवबागला बुडी शिकवताना पाहुण्यांकडून मी हे इतकं घोटून घ्यायचे की ते मला हिटलर म्हणायचे. मेहरीन म्हणाली, एवढं तर लग्नात पण कोणी धरून ठेवत नाही. दोघी खूप हसलो.

१० जून

वरच्या फळीवर गोणपाटात बांधलेला एक सेट सापडला. चांगला, महागातला, आणि तसाच खाऱ्या पाण्यात भिजलेला ठेवून दिलेला. असं काम बघितलं की माझं डोकं फिरतं. शेठ म्हणाले, अदनानचा आहे, साफ करून टाक, येत्या मोसमात वापरू. अदनान त्यांचा पुतण्या. आधी बोटीवर गाइड होता, आता पुढच्या ऑफिसात नुसता बसून असतो. मागच्या बाजूला, माझ्या टेबलापर्यंत, तो कधीच येत नाही. मी आपली बोलवत राहते, तो मान हलवून मोबाइलमध्ये डोकं घालतो.

सेट साफ केला, भरलेल्या टाकीला जोडला. पिवळी नळी आपोआप फुसफुसायला लागली. आतली झडप अडकली असणार.

१३ जून

झडप बदलली, स्प्रिंग बदलली. तरी तेच.

झडप बिघडली की हवा सलग वाहते. ही तशी वाहत नाही. ओढते. थांबते. परत ओढते. नवखा माणूस पाण्याखाली घाबरला की असाच भराभर ओढतो. भर दुपार, बाहेर ट्रकवाल्यांची भांडणं, आणि टेबलावर कोणाच्याही तोंडात नसलेली नळी श्वास घेतेय. टाकीचा काटा खाली येत होता. मेहरीनला दाखवलं तर म्हणाली, फेकून दे नाहीतर शेठला सांग, पण माझ्यासमोर नको. तिच्या अंगावर काटा आला होता. खरं सांगायचं तर माझ्याही.

१७ जून

माझ्या हातून चूक झाली आहे. नीट लिहून काढते.

नळ्यांतून हवा गळते का ते बघायला आमच्याकडे पाण्याचा हौद आहे. जेवणाची सुट्टी होती. पिवळी नळी पाण्यात धरायला मी वाकले आणि पाण्यात खाली एक माणूस दिसला. हौद कमरेएवढा आहे, पण तो माणूस फार खोल होता. तोंडात नळी नाही. मास्कमधून माझ्याकडे बघत त्याने आडवा हात गळ्यावरून फिरवला.

पळायला हवं होतं. कोणीही शहाणं माणूस पळालं असतं. पण माझा हात पुढे गेला. मी पिवळी त्याला दिली. त्याने ती तोंडात घेतली आणि माझा दंड धरला.

पाणी नंतर रिकामं होतं. दंडावरची पकड गेली नाही. आत्ता लिहितानाही आहे, गार आणि ओली.

२० जून

धाप लागते. काल्हेरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, सगळं स्वच्छ आहे म्हणाले. हवा बदला म्हणाले.

आज गावी जायला निघाले. बस मानकोलीच्या पुलावर चढली तेव्हा छातीत हवा येईनाशी झाली. कंडक्टरने उतरवलं. रिक्षा करून गोदामात आले, तो सेट टाकीला जोडला आणि पिवळी चालू झाल्यावरच मला श्वास आला. आम्ही दोघं एकाच टाकीवर आहोत. ती संपली की दुसरी लावायची. त्याला वर न्यायला हवं, पण वर म्हणजे कुठे? मी तर जमिनीवरच उभी आहे.

२२ जून

अदनानला ऑफिसात गाठलं. दंड दाखवला, हौदातल्या माणसाचं सांगितलं. बोटांचे वळ पांढरे पडलेत. तो रडायला लागला.

म्हणाला, त्या माणसाचं नाव विवेक, पुण्याचा पाहुणा. हवा संपली, त्याने खूण केली. अदनानचीही हवा कमी होती. विवेकने पकडलेली पिवळी नळी अदनानने हिसकावून घेतली आणि एकटा वर आला. सगळ्यांना सांगितलं की पाहुणाच भरकटला. विवेक सापडला नाही.

मी हात जोडले. म्हटलं, तुझ्याकडे मागितलं होतं त्याने, तू आत ये, तूच सोडव त्याला. तो म्हणाला, दीदी, मेरे से नहीं होगा. वहाँ भी नहीं हुआ था.

२४ जून

हवा भरायच्या मशीनचा पट्टा तुटला. शेठ म्हणतात, माणूस सोमवारी येईल, घाई काय आहे बेटा.

भरलेली एकच टाकी उरली. हळू श्वास घेते. तो घेत नाही. त्याला कसं सांगू—

२५ जून, सकाळ

काटा तळाला जवळजवळ टेकला. आणि पकड सुटली. पिवळी शांत झाली. तो गेला, सुटला. मी आनंदाने ओरडणार होते—

आवाज नाही. हवा नाही. टाकीत अजून थोडी आहे. नळी ओठांना लावते, येत नाही. काळीही नाही, पिवळीही नाही. मरतही नाही. नुसती छाती—

माझा हात वर जातोय. आडवा. गळ्यावरून. मी फिरवत नाही, तो फिरतोय.

आता कळलं. कोणीतरी द्यावी लागते. मी विवेकला दिली, तो सुटला, त्याच्या जागी मी. जो मला देईल, तो माझ्या जागी.

२५ जून

अदनान दारात आला होता. माझा हात बघितला. खूण त्याला कळली, त्याच्याइतकी इथे कोणाला कळणार? हे त्याच्याच वाट्याचं होतं. मला त्याची दया नाही आली. दे, म्हणून बघत राहिले.

एक पाऊल आत आला. मग मागे. मग चपलांचा आवाज, मग त्याची गाडी—

२५

मेहरीन आली. डबा घेऊन. माझ्याकडे बघून किंचाळली. दीदी, निळी पडलीस, काय पायजे, पाणी पायजे?

मी तोंड फिरवलं. त्या हातावर बसले. हात सुटतो. परत गळ्यावर—

ती टेबलाकडे बघतेय. रोज मला नळ्या तोंडात धरताना बघते ती. तिला कळलं मला काय हवंय—

मेहरीन, हे वाच. पिवळीला हात लावू नको. मी मागितली तरी देऊ नको. बाहेर जा. वही समोर धरलीय बघ, वाच आधी— अगं, रडू नको, वाच, टेबलाकडे कुठे पळतेस— ठेव ती पिवळी खाली, मेहरीन, मला नको, मला न