भित्रा सखा आज पळाला नाही

चौल, शुक्रवार, १२ डिसेंबर १९५२

आज खेळात सखा पळाला नाही. पाणी बघूनच थरथरणारा हा आमचा भित्रा बाहुला. आबांनी घडवला तेव्हापासून त्याचा स्वभाव हाच. आवाज मी देतो, दोऱ्या दादा ओढतो. मी नेहमीसारखा ओरडलो, "आई गं, मी चाललो घरी!" आणि सख्यानं शांतपणे आपल्या धाकट्या भावाला, दुसऱ्या बाहुल्याला, होडीत बसवलं, पडद्याआड नेलं. परत आला तो एकटाच. लोक हसले. हसायचं काय होतं त्यात?

आबा म्हणायचे, बाहुली बदलत नसते, हात बदलतो. मग दादाचा हात का बदलला? परवा मी मुंबईला गिरणीत जातो म्हणालो, म्हणून? तेव्हा तर तो नुसता दोऱ्या गुंडाळत राहिला.

खेळ संपला की दोघा भावांना एकाच फडक्यात गुंडाळायची आमची रीत. आज दादानं सख्याला एकट्यालाच गुंडाळलं. धाकटा अजून खुंटीला लटकतोय. मी हात लावायला गेलो, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे त्याला." एकटाच परत आला सखा. डोळ्यांसमोरून हलत नाही ते.

उद्याचा खेळ खाडीपलीकडे. होडीत आम्ही दोघंच. आत्ता जेवताना दादानं अगदी मायेनं विचारलं, "तुला अजून पवता येत न्हाय ना रं?"