काचेच्या घुमटाची गाडी

मिरज, ९ नोव्हेंबर १९६४

चि. शामूस आजीचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. अक्षर बदललेलं पाहून दचकू नकोस. आत्माराम मास्तर माझ्या बोलण्यात व्याकरण घालतात, म्हणून त्यांना रजा दिली. आता कुसुम लिहिते. साखरपुडा झालेल्या मुलीनं नवऱ्या मुलाचं पत्र वाचावं का, असं तिच्या आईला वाटतं. मी म्हटलं, पत्र आजीला येतं, आजीला डोळे हवेत. माझी सवय तुला ठाऊक आहे, प्रत्येक पत्र मी दोनदा वाचून घेते. दुसऱ्यांदा वाचताना ती जरा हळू वाचते. हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती, मी लिहवलं.

दोन वर्षं म्हणून गेलास, त्यातलं एक संपलं. तिकडे जर्मनीत कसला अभ्यास करतोस ते नीट सांग, शेजारी विचारतात.

लोभ असू द्यावा. नसला तर तसं कळवावं.

तुझी आजी
(लेखनिक कुसुमचा नमस्कार)


आखेन, २० जानेवारी १९६५

ती. आजीस श्यामकांतचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या त्सिमरमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोलीत, पाणी गोठतं इतकी थंडी आहे. अभ्यास न गंजणाऱ्या पोलादाच्या रेल्वेडब्यांचा. डॉक्टरफाटर, म्हणजे माझे मार्गदर्शक, म्हणाले की आधी एका अमेरिकन गाडीचा इतिहास लिही. तिचं नाव ‘सिल्व्हर मेसा’. एकोणपन्नास साली शिकागोहून निघाली ती थेट पश्चिमेच्या समुद्रापर्यंत. अंगावर रंग नाही, नुसतं चांदीसारखं पोलाद. डब्यांच्या माथ्यावर काचेचे घुमट. त्यात बसलं की डोंगर डोक्यावरून जातात. जेवणाच्या टेबलावर रोज ताजी फुलं. डोंगर दिवसाउजेडी दिसावेत म्हणून वेळापत्रकच तसं आखलं होतं.

कुसुमला सांग, एकदा तिला त्या घुमटात बसवीन.

आपला आज्ञाधारक,
श्यामकांत


मिरज, २ मार्च १९६५

चि. शामूस अ. उ. आ.

तुझी गाडी फार आवडली. कुसुमनं ते पत्र तीनदा वाचलं, मी दोनदाच सांगितलं होतं. ती विचारते की काचेखाली ऊन लागत नाही का, आणि पदर डोक्यावर घ्यावा लागेल का. तुझे आजोबा जन्मभर मिरजेला रेल्वेत सांधेवाले होते, बाकीच्यांच्या गाड्या वळवत राहिले; मला कोल्हापूरच्या पुढे नेलं नाही. तेव्हा तुम्ही घुमटात बसा, मी खाली सामान राखीन.

मडमेची भीती कुसुमची आई घालते. मी घालत नाही. तुला भात लागतो.

लोभ करतोस तेवढाच कर, पण पत्र लवकर टाक.

आजी
(लेखनिक कुसुमचा नमस्कार. उन्हाचं कळवावं.)


आखेन, ११ जून १९६७

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, क्षमा असावी. प्रबंध लांबला आहे. आल्झो, म्हणजे असं की, सिल्व्हर मेसाची कथा शेवटाला आली. लोक विमानानं जाऊ लागले आणि कंपनीला गाडी नकोशी झाली. पण एकदम बंद करता येत नाही, सरकारची परवानगी लागते. म्हणून आधी टेबलावरची फुलं गेली. मग गरम जेवण गेलं, कागदात गुंडाळलेला पाव आला. मग घुमटाच्या काचा धुणं थांबलं. गाडी तास-तास उशिरा येऊ लागली. प्रवासी आपोआप कमी झाले. मग कंपनी रिकाम्या खुर्च्या दाखवून म्हणाली, पाहा, आता कुणी येतच नाही.

घरी सर्वांस नमस्कार.

श्यामकांत


मिरज, ३० जुलै १९६७

चि. शामूस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचून घेतलं. गाडीचं दुःख झालं. मग मी कुसुमला तुझी जुनी पत्रं काढायला लावली. पहिल्या वर्षी दरमहा पत्र, शेवटी तिचं नाव. मग तीन महिन्यांनी एक, नाव खालच्या ओळीत. आता आठ महिन्यांनी, आणि ती ‘सर्वांस’मध्ये गेली. उन्हाचं तिनं विचारलं होतं, त्याला दोन वर्षं झाली.

मी अडाणी बाई, पण सांधेवाल्याची बायको आहे. गाडी कुठल्या रुळावर निघाली ते मला खडखडाटावरून कळतं. फुलं काढायची, काचा धुवायच्या नाहीत, आणि वाट पाहायची की पोरीनंच उठून म्हणावं, मला नको. ते ती म्हणणार नाही. दोन स्थळं तिनं परत पाठवली आहेत. सव्विसावं लागलं तिला. काय ते एका वाक्यात कळव.

आजी
(लेखनिक कुसुमचा नमस्कार. वरचं सगळं आजींचं आहे.)


ड्युसेलडॉर्फ, १८ फेब्रुवारी १९६८

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कृपा करून आत्माराम मास्तरांकडून वाचून घे, कुसुमकडून नको.

मला इथे कायमची नोकरी लागली आहे. इथल्या एका पुण्याच्या कुटुंबातल्या स्नेहलताशी माझं लग्न ठरलं आहे, मार्चमध्ये. तिचे वडील व्यापारी आहेत. ती इथेच वाढली, इथलं सगळं तिला माहीत आहे. कुसुम समंजस आहे. तिला तू तुझ्या शब्दांत सांग, तुला ते जमतं.

श्यामकांत


मिरज, ६ मार्च १९६८

शामू,

अरे, मोठा विद्वान झालास, आणि जिला वाचता येत नाही तिला पाकिटाच्या आत लिहितोस की अमक्याकडून वाचून घे. पाकीट कुसुमनंच फोडलं. पहिली ओळ वाचून ती थांबली. मी म्हटलं, पुढे वाच, मास्तर देवळात गेलेत. तिनं वाचलं. रेशनची यादी वाचते त्याच आवाजात, तुझ्या नावापर्यंत. मग नेहमीसारखं विचारलं, परत वाचू का. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिनं सुरुवात केली होती. या वेळी हळू वाचलं नाही.

तेव्हा माझ्या शब्दांत सांगायचं काम उरलं नाही. तुझ्याच शब्दांत झालं.

मडम आणली असतीस तर मी उंबऱ्यात ओवाळून घेतली असती. म्हटलं असतं, पोरगं परक्या मुलखात भुललं. पुण्याचीच करायची होती तर मिरजेहून पुण्याला रोज गाडी जाते. साखरपुड्याची अंगठी कुसुमनं काल आणून दिली. माझ्यापाशी आहे. न्यायला तू ये, पोस्टानं मिळणार नाही.

आज मास्तरांना बोलावते म्हटलं, तर कुसुम म्हणाली, हा मजकूर त्यांना कशाला कळायला हवा. म्हणून हेही तीच लिहिते आहे. एकही शब्द बदलू नकोस असं बजावलं आहे.

लोभाचं या वेळी काही लिहीत नाही. कुसुमला म्हटलं, खाली तुझा नमस्कार लिही, तर म्हणते जागा उरली नाही. कागद अजून अर्धा कोरा आहे, तेवढं मला न वाचताही दिसतं.

आजी