जिथली कुंडी तिथे

२४ एप्रिल
चुना! नाकात, चहात, माझ्या संस्कृत शब्दकोशातसुद्धा. फुलांनी सजवलेल्या अंगणांच्या स्पर्धेसाठी घरमालकीण फुएन्सांताबाईंनी चारही भिंती पांढऱ्याफेक करून घेतल्या. त्याआधी भिंतींवरच्या एकशे बारा कुंड्या उतरवल्या, त्या मी. आता पुन्हा टांगायच्या, त्याही मीच. बारा वर्षं त्यांचा भाडेकरू आहे. एप्रिल आला की बढती मिळून हमाल होतो.

२६ एप्रिल
टांगल्या. "जिथली तिथे हं, पंडित!" — खालून बाई. कोणती कुठली, कुणाला आठवतंय! संस्कृतात शब्द कुठेही ठेवा, अर्थ जागचा हलत नाही. कुंड्यांचंही तसंच असणार.

२ मे
आजपासून कोर्दोबातली स्पर्धेतली अंगणं सगळ्यांना खुली. बाई दाराशी खुर्ची टाकून. पाहुण्यांना म्हणाल्या, "खिडकीवरचा तो लालभडक जिरेनियम, माझ्या आईच्या हातचा!"
खिडकीवर पांढरा होता. सगळे हसले. मीही.
मग कोपऱ्याकडे बोट — "आणि हा पांढरा." तो लाल.
माझं हसू तिथेच थांबलं.

३ मे
विचारलं. आधी खरपूस शिव्या. "चुना गेलाय डोळ्यात. भुवई ठणकते, एवढंच!" मग हळू आवाजात: "रंग दिसत नाहीत रे. सगळं धुकं. अरासेलीला सांगितलंस तर याद राख! माद्रिदला नेईल, सहाव्या मजल्यावर. भिंतीत खिळा ठोकायचा तरी तिथे परवानगी लागते!"
अरासेली म्हणजे लेक. नऊ तारखेला येणार आहे, स्पर्धेचे परीक्षक येतात त्याच दिवशी.
नाही सांगणार म्हणालो. का म्हणालो?

६ मे
चैन नाही. दोनदा अरासेलीचा नंबर काढला, दोनदा फोन ठेवून दिला. डॉक्टरांचं नाव घेतलं तर बाई म्हणतात, "दार उघडं टाकून घरची बाई जाते का कुठे? स्पर्धा संपू दे." एकाच कुंडीला तीनदा पाणी घातलं त्यांनी.

८ मे
भर दुपार. गल्ली झोपलेली. शिडी लावली. बाई डोळे मिटून एकेक जागा सांगत होत्या, मी बदलत होतो.
"लालच्या शेजारी गुलाबी! तेवढंही कळत नाही? आणि म्हणे पंडित!"
"बाई, पाणिनीने जिरेनियमवर सूत्र लिहिलेलं नाही."
"मग काय उपयोग त्याचा!"

९ मे
परीक्षक आले. बाईंनी प्रत्येक कुंडी अचूक दाखवली — रंग, वय, कुणाकडून फांदी आणली तेही. एकदाही चुकल्या नाहीत! अरासेलीने मला मिठीच मारली. "आईची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे हो. उगाच काळजी करत होते." संध्याकाळच्या गाडीने गेलीसुद्धा.
मी मोठा शहाणा.

१३ मे
बाई अंधार करून पडून आहेत. डोकं फुटतंय म्हणतात. उलटीही झाली. "चारच दिवस राहिलेत, पंडित. दार बंद करू नकोस." नाही केलं. पाहुण्यांना रंग मीच सांगतोय.

१६ मे
बाईंनी चहाचा कप हवेत ठेवला. अरासेलीला फोन केला.

१७ मे
काचबिंदू. डावा डोळा गेला. उजव्यात थोडा उजेड आहे, तोही किती राहील ठाऊक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन आठवडे आधी आणायला हवं होतं.
अरासेलीने एवढंच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"
तारीख सांगितली.