दुसऱ्या कडव्यानंतरची जागा

कुमासी,
३ फेब्रुवारी १९८६

चि. याव यास ताईचे आशीर्वाद.

वि. वि. तुझं नाताळचं पत्र जानेवारीअखेर पोचलं. कागद ओलसर होता. हँबुर्गचा बर्फ पाकिटात शिरला असावा. इकडे वाळवंटाकडचा वारा अजून थांबलेला नाही. भांड्यांत धूळ, अंथरुणात धूळ, दातांत धूळ. माझं कापडाचं दुकान चाललंय. थोरला शाळेत मार खातो आणि घरी येऊन धाकट्याला देतो.

मामांना जरा बरं नाही. पाय सुजतात, पायऱ्या चढताना दम लागतो. रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवतात तेवढंच. संचारबंदीत रात्रीचे कार्यक्रम बंद झाले आणि त्यांचा बँड मोडला. आता संचारबंदी नाही, पण बँडही नाही. पाद्री त्यांना हळू वाजवायला सांगतात. परवा मामा त्यांना म्हणाले, की आमच्या पूर्वजांना ओरडून सांगावं लागायचं, तुमच्या देवाचे कान फारच तिखट दिसतात.

तुझ्या गाण्यांची कॅसेट त्यांना ऐकवली. सबंध ऐकली. मग विचारलं, ढोल कोण वाजवतो. मी सांगितलं, यंत्र. ते म्हणाले, बरोबर आहे, यंत्र जेवायला मागत नाही आणि बायकोशी भांडून उशिरा येत नाही. थोड्या वेळानं म्हणाले, गाढवाचा अंगठा मात्र तारांवर अजून माझ्यासारखाच चालतो. गाढव म्हणजे तू.

तुझी आठवण काढतात. एकदा येऊन जा, याव. आई गेल्यावर आपल्याला त्यांनीच वाढवलं. आणि आपल्यात भाचा म्हणजे काय ते मी सांगायला नको. त्यांचं जे काही आहे ते त्यांच्या मुलांना नाही, तुला मिळायचं. तेव्हा त्यांच्याकडे बघायलाही तूच हवास.

मामी तुला विचारते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सेरवाताई


हँबुर्ग,
९ मार्च १९८६

ती. सेरवाताईस यावचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. समजलं.

बाबांच्या वेळी तू हेच लिहिलं होतंस. जरा बरं नाही, पाय सुजतात, तुझी आठवण काढतात. मी लेगॉसहून मिळेल त्या ट्रकनं आलो, तर बाबा शवागारात होते. परक्या गावी एकट्या बसलेल्या माणसाला मरण वाचायला लावू नये, ही आपली रीत. ती वाईट नाही. या वेळी मी पलंगावर बसून पत्र दोनदा वाचलं आणि कुणी सांगायची गरज उरली नाही. मामांचे विनोदही तू घातलेस. त्या वेळच्या पत्रातही बाबा माझ्या बुटांचं माप विचारत होते.

ताई, मामा असते तर मी असाच उठून निघालो असतो. कागद गेले तर गेले. पण आता घाई करून कुणाला भेटू? कचेरीत इथे राहण्याच्या परवानगीचा माझा अर्ज पडून आहे. निकालाआधी देश सोडला तर पुन्हा आत घेत नाहीत. मामांना शवागारात राहू द्या. थोरामोठ्यांना आपल्याकडे वर्षभरही ठेवतात. कागद झाले की येतो आणि त्यांना शोभेल असे दिवस करू. कुळातल्या थोरल्यांना तसं सांग.

मला दुसरं काय येतं? गाणं केलं. आपल्या बायका प्रेताशी बोलतात तसं, नाव घेऊन, कुळ घेऊन. अदुसेई, कुठे निघालास, आता तहान लागली तर कुणाच्या दारी जाऊ. चाल मामांच्या जुन्या हायलाइफ नाचगाण्याची, ठेका यंत्राचा, बास वाजवणारा एक जर्मन पोरगा. दुसऱ्या कडव्यानंतर चार आवर्तनं मी गिटार ठेवलीच नाही. ती जागा मामांची. तिथे यंत्र एकटंच चालतं. स्टुडिओतला माणूस म्हणाला, इथे भोक पडलंय. मी म्हटलं, हो.

इथला आपला दोस्त बोआची गावी येतोय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि कॅसेटी. काही कॅसेटी केजेतिया बाजारातल्या टपरीवाल्याला द्यायला सांगितल्या आहेत. मामांचं नाव गावाच्या कानावर राहू दे.

माझ्या वाटचंही रड. माझ्या खोलीच्या भिंती पातळ आहेत.

तुझा,
याव


कुमासी,
२१ एप्रिल १९८६

चि. याव यास,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देते. आधी हे वाच.

मामा जिवंत आहेत.

तुझं पत्र मला आज मिळालं. बोआची अक्रात सासुरवाडीला मुक्काम ठोकून बसला आणि कॅसेटी तेवढ्या एका ड्रायव्हरबरोबर पुढे पाठवल्या. गाणं पत्राच्या आधी पोचलं. मामा केजेतियाला दाढी करायला गेले होते. समोरच्या टपरीवर ते लागलं. अर्ध्या गालाला साबण, आणि रस्त्यापलीकडून भाचा आपल्याला नाव घेऊन रडतोय. न्हाव्यानं वस्तरा थांबवून हळहळ केली, म्हणाला, मोठा माणूस गेला. मग खुर्चीत कोण बसलंय ते त्याच्या ध्यानात आलं. उरलेला गाल मामांनी घरी येऊन स्वतः केला.

दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागली. शोकाची लाल-काळी वस्त्रं नेसून, हातात आहेर. मी दारात उभी राहून परत पाठवत होते. त्यांच्या बँडचा जुना ढोलकीवाला ओबुआसीहून आला. गल्लीच्या तोंडापासून हंबरडा फोडत आला आणि आत बघतो तर मामा फुफू खातायत. मामा म्हणाले, बस, माझ्या दिवसांना तू तरी उपाशी जाऊ नकोस. तो बसला नाही. उंबऱ्यावरूनच पळाला.

हे वाचून हसू नकोस. आम्हीही त्या दिवशीच हसलो. आता पाद्रींनी त्यांना काही रविवार येऊ नका म्हटलंय, लोक बिचकतात. बाजारात बायका वाट सोडून उभ्या राहतात. मामी पलीकडच्या खोलीत झोपते. थोरले म्हणतात, जिवंत माणसाला शोकगीतानं हाक मारणं म्हणजे मरणाला पत्ता देणं. मेंढा कापायला हवा, आणि गाणाऱ्यानं स्वतः येऊन माफी मागायला हवी. मामा दिवसभर सगळ्यांची टिंगल करतात. पण ताट तसंच परत येतं. मेलेल्यानं भांड्यातलं कमी करू नये, म्हणतात.

यापुढे मी तुला आडून काही लिहिणार नाही. जसं असेल तसं लिहीन. त्यांचं हृदय थकलंय, डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. मामा असते तर उठून आलो असतो, असं तू लिहिलंस. मामा आहेत.

आता आशीर्वाद. निघ.

सेरवाताई


हँबुर्ग,
११ मे १९८६

ती. सेरवाताईस नमस्कार.

तुझ्या पत्रातली ती एक ओळ वाचून मी जिन्यात बसून राहिलो. शेजारची म्हातारी पाणी घेऊन आली. तिला वाटलं, घरी कुणी गेलं. तिला काय सांगू, की कुणी गेलेलं नाही म्हणून मी असा बसलोय?

मी काय केलं, ताई. मामांच्या पायांवर डोकं ठेवून सांग, की गाढवानं गाढवासारखंच केलं. टपरीवाल्याकडच्या कॅसेटी परत घे. इथे मात्र त्या परत घेणं माझ्या हातात राहिलेलं नाही. आपल्या लोकांच्या नाचाच्या रात्री तेच गाणं लावतात.

बॅग भरली. तिकीट विचारून आलो. त्याच दिवशी कचेरीचा कागद आला, १४ जुलैला सुनावणी. इतकी वर्षं वाट पाहिली ती याचीच. वकील म्हणतो, आत्ता गेलात तर फाइल बंद, मग मीही नाही. म्हणून तेवढी सुनावणी होऊ दे. त्याच आठवड्यात निघतो. हे वचन समज.

मामांना जेवायला लाव. मेंढा माझ्या नावानं कापा.

ओरडा खायला येतोच आहे. तोवर राग जपून ठेव.

तुझा,
याव


कुमासी,
८ जून १९८६

चि. याव,

मी सांगतो आणि सेरवा लिहिते. जिथे ती शिवी गाळेल तिथे तू घालून वाच.

गाणं ऐकलं. पुष्कळदा ऐकलं. स्वतःबद्दल इतकं चांगलं मी आजवर ऐकलं नव्हतं. तुझ्या मामीला त्यातलं निम्मं पटलेलं नाही.

यंत्राबद्दल बोललो ते मागे घेत नाही. पण तरुणपणी सेकोंदीच्या बंदरावर मी खलाशांच्या तबकड्यांवरून अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं दुखरं गाणं उचललं, आणि आपल्या ताडीच्या गुत्त्यातल्या गिटारीत मिसळलं. तेव्हा माझ्या मामांनी मला घराबाहेर काढलं होतं. म्हणाले, हे ना त्यांचं ना आपलं. मी त्यांचं ऐकलं नाही. तूही माझं ऐकू नकोस.

ती दुसऱ्या कडव्यानंतरची जागा. रिकामी ठेवलीस, ते मेलेल्यासाठी ठीक आहे. मी रोज संध्याकाळी कॅसेट लावतो आणि तिथे वाजवतो. अंगठा आणि एक बोट, बाकी काही नाही. पहिले काही दिवस यंत्र मला मागे टाकून जायचं. आता कळलंय. त्याच्याशी धावायचं नाही, किंचित मागे राहायचं, म्हणजे ते आपल्यासाठी थांबल्यासारखं वाटतं. हे लिहून कळणार नाही. समोर बसावं लागतं.

मेंढा नको, मी थोरल्यांना सांगितलंय. त्या जनावरानं कुठलं गाणं म्हटलं होतं? माफी मागायलाही येऊ नकोस. ऐकायला ये. तुझ्या कचेरीला मी घाई करू शकत नाही, आणि माझ्याकडे जे यायला निघालंय त्याला थांब म्हणू शकत नाही.

तुझा मामा,
अदुसेई, अजून तरी


हँबुर्ग,
२० जुलै १९८६

ती. मामांस व ताईस शि. सा. न.

सुनावणी झाली नाही. दुभाषा आजारी पडला. पुढची तारीख २९ सप्टेंबर. मी वकिलाच्या दारात उभा राहून विचारलं, मधल्या काळात जाऊन आलो तर. त्यानं फाइल मिटून दाखवली.

दुसरी बातमी चांगली आहे. गाण्याची मोठी तबकडी निघतेय. कंपनीचा माणूस म्हणतो, ते भोक तेवढं भरा. मी मामांचं पत्र त्याला समजावून सांगितलं. ताई, सोबत कोरी कॅसेट पाठवतोय. शेजाऱ्याचा टेप घे आणि मामा त्या जागेत वाजवतात ते भरून पाठव. इथे मी ते गाण्यात बसवीन. मग मामा आणि मी एकत्र वाजू, आणि त्यांना रडणारं गाणं ते राहणारच नाही. बघ, त्यांना आवडेल.

ऑक्टोबरात मी घरी. मामांना म्हणावं, तेवढं सांभाळा. मे महिन्यात लिहिलं होतं ते खोटं नव्हतं, ताई.

आठवणीत ठेवा. रागात ठेवलंत तरी चालेल.

तुमचा,
याव


कुमासी,
१६ सप्टेंबर १९८६

चि. याव यास आशीर्वाद.

जसं असेल तसं लिहीन म्हणाले होते. मामा वारले. गेल्या मंगळवारी दुपारी, खुर्चीत. सकाळी पामचा रस्सा थोडा घेतला होता. मी दुकानात होते. मामी जवळ होती.

तुझी कोरी कॅसेट पोचली होती. शेजाऱ्याचा टेपही मी आणून ठेवला होता. मामांनी हात लावू दिला नाही. रागावले नव्हते. म्हणाले, पोराला सांग, ऐकायचं असेल त्यानं यावं. मग त्यांनी वाजवलं आणि मी ऐकलं. मला त्यातलं कळत नाही.

शवागारात ठेवलं नाही. मी थोरल्यांकडे तुझ्यासाठी शब्द टाकला होता. ते म्हणाले, जिवंत माणसाला ज्यानं ताटकळत ठेवलं, त्याच्यासाठी मेलेल्याला ठेवणार नाही. शनिवारी पुरलं.

माणसं फार आली नाहीत. केजेतियाच्या बायकांनी निरोप पाठवला, की आम्ही एप्रिलमध्येच रडलो, एका माणसासाठी दोनदा रडत नाहीत. ओबुआसीचा ढोलकीवाला आला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही. गाणं नव्हतं. जिवंतपणी म्हटलेलं आता चालत नाही, आणि नवं म्हणायला कुणी पुढे आलं नाही. रस्त्याच्या टोकाच्या बारमध्ये तुझीच कॅसेट लागली होती. पोरंपोरी नाचत होती. यंदा सगळीकडे तीच आहे, शब्दांकडे आता कुणाचं लक्ष नसतं. मी बंद करा म्हणायला गेले आणि दारातून परत आले.

खड्ड्याशी मद्य भाच्यानं ओतायचं असतं. थोरल्यांनी तुझं नाव पुकारलं. थांबले. पुन्हा पुकारलं. मग इकडेतिकडे बघून बाटली माझ्या हातात दिली. आपल्यात बायका ओतत नाहीत, पण माणसं इतकी थोडी होती, की कुणी अडवलं नाही. ओतताना कुणाच्या वतीनं ते सांगायचं असतं. मी माझं नाव सांगितलं.

सुनावणी तुझ्या मनासारखी होवो. लोभ मागत नाही, असेल तेवढा राहू दे.

तुझी ताई,
सेरवा